शेजारी सहा-सात मजली इमारत येतेय? वाद कसा घालायचा, कोणत्या क्रमाने

बंगले आणि दुमजली-तिमजली घरे असलेल्या जुन्या वस्तीत एखाद्या प्लॉटवर सहा-सात मजल्यांची इमारत येणार असे कळले की पुढचा क्रम जवळपास ठरलेला असतो. आधी कुजबुज, मग व्हॉट्सअ‍ॅपवर गदारोळ, मग बैठक, मग सह्यांची मोहीम. हरकतीची मुदत संपायला दोन दिवस उरले की कुणीतरी विचारते, "अहो, पण नकाशा कुणी पाहिलाय का?"

बहुतेक वेळा कुणीच पाहिलेला नसतो. बाजू आधी घेतली जाते आणि माहिती नंतर गोळा होते, तीही घेतलेल्या बाजूला धरून. विरोध करणारे आणि पाठिंबा देणारे दोघेही ही चूक करतात. खालचे टप्पे दोघांसाठी आहेत, आणि अजून मत न ठरलेल्यांसाठी तर जास्तच. क्रम मात्र बदलू नका, कारण पुढचा टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

टप्पा १ : बैठकीआधी कागद

सगळ्यात आधी तीन तारखा शोधा: प्रस्ताव दाखल झाल्याची, हरकती-सूचना स्वीकारण्याच्या शेवटच्या दिवसाची आणि सुनावणी किंवा निर्णयाची. त्या मोठ्या अक्षरांत लिहून सगळ्यांना दिसतील अशा लावा. मुदतीनंतर आलेला उत्तम मुद्दाही बहुतेक ठिकाणी दप्तरी लागतो.

मग कागद मिळवा. साइट प्लॅन, प्रत्येक मजल्याचा नकाशा, चारही बाजूंचे दर्शनी नकाशे, छेदनकाशा म्हणजे सेक्शन (इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते दाखवणारा), क्षेत्रफळाचा तक्ता आणि सोबत जोडलेले वाहतूक, झाडे, पाणी यांचे अहवाल किंवा दाखले. शिवाय त्या भागाला लागू असलेली नियमावली. विकासकाने वाटलेले रंगीत चित्र हा कागद नव्हे. त्यात झाडे नेहमी पूर्ण वाढलेली असतात आणि रस्ता नेहमी रिकामा.

ज्या कार्यालयात नकाशे मंजूर होतात तिथे स्वतः जा, प्रस्तावाचा क्रमांक घ्या आणि मागणीच्या अर्जाची पोच ठेवा. नकाशावर सुधारित आवृत्तीची तारीख असते, ती नीट वाचा. मी बसलेल्या एका बैठकीत दोन गट तासभर भांडत होते. नंतर लक्षात आले की एकाच्या हातात जुना नकाशा होता आणि दुसऱ्याच्या हातात सुधारित. दोघेही आपापल्या कागदापुरते बरोबर होते.

तपासा: वस्तीत चर्चा करणाऱ्या प्रत्येकाकडे एकाच तारखेचा नकाशा आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २ : हक्काचे किती आणि सवलतीचे किती

सगळ्यात जास्त श्रम वाया जातात ते हा टप्पा गाळल्यामुळे.

कोणत्याही प्रस्तावात दोन थर असतात. पहिला थर नियमाने त्या प्लॉटवर कुणालाही बांधता येईल एवढ्याचा. तेवढ्यासाठी मालकाला तुमची संमती लागत नाही. दुसरा थर सवलतीचा: जास्त उंची, कमी सामासिक अंतर (इमारत आणि प्लॉटची हद्द यांमधली मोकळी जागा), जादा चटईक्षेत्र (सगळ्या मजल्यांचे मिळून बांधकाम), पार्किंगमधली सूट, वापरातला बदल. निर्णय घेणाऱ्यांना स्वतःची विवेकबुद्धी वापरता येते ती मुख्यतः या दुसऱ्या थरात. तुमच्या शब्दाला वजन येते तेही इथेच.

कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे नियम काय देतो, उजवीकडे प्रस्ताव काय मागतो. उंची, मजले, चटईक्षेत्र, जमिनीवर व्यापलेली जागा, पुढचे-मागचे-बाजूचे अंतर, पार्किंग. ज्या ओळीत दोन्ही आकडे जुळतात तिथे वाद घालण्यासारखे फार थोडे असते. जिथे फरक आहे ती ओळ अधोरेखित करा. कधी अशा दोनच ओळी निघतात, कधी एकही निघत नाही.

एकही निघाली नाही तर ते लोकांना स्पष्ट सांगा. अशा वेळी परवानगी अडवण्यामागे धावण्यापेक्षा बांधकामाच्या काळातल्या अटी, झाडे, पाण्याचा निचरा आणि पाहणी यांवर जोर द्या. नियमच चुकीचा वाटत असेल तर तो बदलून घेण्याची वाट वेगळी आहे. ती विकास आराखडा आणि नियमावली तयार होत असताना चालायची असते, एका प्लॉटच्या सुनावणीत नाही.

इशारा: तुलना आजच्या मोकळ्या प्लॉटशी किंवा पडक्या बंगल्याशी करू नका. कोणतीही सवलत न घेता तिथे जे उभे राहू शकते त्याच्याशी करा. "आत्ता तिथे काहीच नाही" या वाक्याने सुरू झालेली हरकत पहिल्या प्रश्नातच कोसळते.

'मध्यम उंची' या शब्दालाही फसू नका. बोलण्यात तो चार-पाचपासून आठ-दहा मजल्यांपर्यंत काहीही असतो. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत १५ मीटर किंवा त्याहून जास्त उंची झाली की इमारत 'उंच इमारत' धरली जाते आणि अग्निसुरक्षेच्या अटी कडक होतात. तुमच्या ठिकाणी ही रेषा किती मीटरवर आहे ते बघा, आणि प्रस्ताव तिच्या अलीकडे आहे की पलीकडे तेही.

टप्पा ३ : मजले मोजू नका, आकारमान वाचा

"सात मजले नकोत, चार करा." ही मागणी जवळजवळ प्रत्येक बैठकीत होते, आणि ती करणाऱ्याला बहुतेकदा माहीत नसते की तो मोकळ्या जागेच्या बदल्यात उंची कमी करून घेतोय.

हिशोब सोपा आहे. प्लॉट १,००० चौरस मीटरचा आणि चटईक्षेत्र निर्देशांक २, म्हणजे प्लॉटच्या दुप्पट चटईक्षेत्राची मुभा, असेल तर एकूण २,००० चौरस मीटर बांधता येईल. चार मजल्यांत ते बसवायचे तर प्रत्येक मजला ५०० चौरस मीटरचा, म्हणजे अर्धा प्लॉट इमारतीखाली जातो. सहा मजल्यांत बसवले तर मजला सुमारे ३३३ चौरस मीटरचा होतो आणि दोनतृतीयांश जमीन मोकळी राहू शकते. घरे दोन्हीकडे सारखीच. चार मजली आडव्या इमारतीत तुमच्या कुंपणाला लागून भिंत येईल, सहा मजलीत कदाचित झाड वाचेल. कोणते बरे हे जागा ठरवते. निवड करतोय हे कळून निवडा, एवढेच माझे म्हणणे.

आता छेदनकाशा उघडा. एका मजल्याची उंची साधारण ३ मीटर धरली तर सहा मजले १८ मीटर होतात. पण खाली पार्किंगचा स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा मोकळा मजला, असतो, वर गच्चीचा कठडा, जिन्याचे डोके, लिफ्टची खोली, पाण्याची टाकी. नियमातली उंची यातले काही धरते, काही सोडते. तुमच्या खिडकीतून दिसणारी उंची सगळे धरते. चटईक्षेत्राचेही तेच. जिना, लिफ्ट, पार्किंग, कधी बाल्कनी हिशोबातून वगळलेली असते, त्यामुळे डोळ्यांना दिसणारा ठोकळा कागदी आकड्यापेक्षा मोठा असतो. यात लबाडी असतेच असे नाही, नियमाची मोजण्याची रीतच तशी असते. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा: नियमातली उंची आणि प्रत्यक्ष सर्वांत वरचा बिंदू.

तपासा: उंची कुठून मोजली आहे? रस्त्याच्या पातळीपासून, मूळ जमिनीपासून की भराव घातलेल्या जमिनीपासून? उताराच्या प्लॉटवर याने अख्ख्या मजल्याचा फरक पडतो.

टप्पा ४ : जागेवर जाऊन मोजा

हा टप्पा सर्वांत लांब आहे आणि तो घरात बसून होत नाही. दोन-तीन माणसे, मोजपट्टी, वही आणि एक आठवडा लागेल. इथे मिळालेला एक आकडा शंभर सह्यांना भारी पडतो.

सावली. "आमचे ऊन जाईल" एवढे म्हणून भागत नाही. किती, कधी आणि कुणाचे, ते काढा. उत्तर गोलार्धात सर्वांत लांब दुपारची सावली २१-२२ डिसेंबरच्या सुमारास पडते आणि ती उत्तरेकडे जाते. दक्षिण गोलार्धात महिना जून आणि दिशा दक्षिण. त्या दिवशी माध्यान्हीला सूर्याची उंची काढायची तर ९० अंशांतून तुमचा अक्षांश आणि आणखी २३.४ वजा करा. इमारतीच्या उंचीला त्या कोनाच्या टॅन्जंटने भागले की सावलीची लांबी मिळते. २० मीटर उंच इमारतीची ही सावली १९ अक्षांशावर सुमारे १८ मीटर, ४० अक्षांशावर सुमारे ४० मीटर आणि ५२ अक्षांशावर तब्बल ७७ मीटर पडते. इमारत तीच, पण एका शहरात सावली कुंपणाच्या थोडी पुढे जाते आणि दुसऱ्या शहरात अख्खी गल्ली ओलांडते. म्हणून दुसऱ्या देशातला युक्तिवाद उचलून आणू नका. सकाळ-संध्याकाळची सावली याहून लांब असते, पण ती सरकत राहते. एखाद्या अंगणावर ती एकूण किती तास थांबते हे महत्त्वाचे.

आणि एक विचारा: हे ऊन हवे आहे का? उष्ण प्रदेशात पश्चिमेकडून दुपारची सावली मिळणे वाईट नाही. तिथे खरी काळजी वाऱ्याची असते. इमारत वाऱ्याच्या वाटेत आडवी येते की वाट सोडून उभी राहते ते पाहा.

उजेड. ऊन आणि उजेड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडे उत्तरेकडच्या खिडकीत वर्षाचा बराच काळ ऊन येत नाही, उजेड येतो. ब्रिटनमध्ये पहिल्या चाळणीसाठी एक सोपी कसोटी वापरतात: सर्वांत खालच्या खिडकीच्या मध्यातून आडव्या रेषेपासून २५ अंशांची तिरकी रेषा काढायची. नवी इमारत पूर्णपणे त्या रेषेच्या खाली राहिली तर उजेडावर फारसा परिणाम होत नाही असे धरतात. रेषा ओलांडली म्हणजे इमारत नामंजूर झाली, असे मात्र नाही. पुढची सविस्तर तपासणी करायला हवी एवढाच तिचा अर्थ. दाट वस्तीत मध्यम उंचीची इमारत ही रेषा बहुतेकदा ओलांडतेच. त्यामुळे तुमची मागणी अशी असू द्या: "या अमुक खिडक्यांसाठी उजेडाचा अभ्यास जोडा."

डोकावणे. समोरासमोरच्या खिडक्यांमधले अंतर मोजा. बाल्कन्या कुठल्या बाजूला आहेत ते नकाशावर रंगवा. या प्रश्नाला उपाय असतात: खिडकीची जागा बदलणे, अर्धपारदर्शक काच, आडोसा, वरचे मजले मागे घेणे. म्हणून तक्रारीसोबत उपायही लिहा.

उंची डोळ्यांना दाखवणे. स्वित्झर्लंडमध्ये परवानगी मागताना जागेवर खांब उभारून नियोजित इमारतीची रूपरेषा दाखवण्याची पद्धत आहे. विकासकाला तशी विनंती करून पाहा. तो तयार झाला नाही तर वारा नसलेल्या सकाळी, मालकाची परवानगी घेऊन, मोजलेल्या दोरीला गॅसचा फुगा बांधून सोडा आणि गल्लीतल्या चार ठरावीक जागांवरून फोटो घ्या. जवळ विजेच्या तारा असतील तर हा प्रयोग करू नका. फोटो माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा, झूम न वापरता. फुगा दिसल्यावर काहींचा विरोध मावळतो, काहींचा वाढतो. दोन्ही चांगलेच, कारण आता प्रत्येकाने इमारत पाहिलेली असते.

गाड्या. वाहतूक आणि पार्किंग हे प्रश्न वेगळे मोजा. रस्त्यावरच्या पार्किंगची मोजणी रात्री उशिरा करा, जेव्हा राहणाऱ्यांच्या गाड्या घरी आलेल्या असतात. एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस घ्या. रस्त्याला समांतर एका मोटारीला साधारण ६ मीटर धरा. दर शंभर जागांत किती भरल्या ते लिहा. वाहतुकीसाठी जवळच्या, तेवढ्याच घरांच्या इमारतीच्या फाटकाशी सकाळच्या गर्दीच्या तासात उभे राहून बाहेर पडणाऱ्या गाड्या मोजा. समजा ४० घरांच्या इमारतीतून तासात २० गाड्या निघाल्या, तर ती तीन मिनिटांना एक गाडी झाली. कोपऱ्यावरचा चौक आधीच तुंबत असेल तर हे जड आहे, नसेल तर नाही. "वाहतूक कोलमडेल" असे लिहून हा आकडा दिला नाही, तर समोरचा तज्ज्ञ त्याचा आकडा देईल आणि नोंदीत फक्त तोच राहील.

आवाजाच्या बाबतीतही आधी गणित करा. रस्त्यावरची रहदारी दुप्पट झाली तर आवाज साधारण ३ डेसिबलने वाढतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. राहायला लागल्यानंतर त्रास होतो तो जनरेटर, पंप आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचा. त्यांची जागा नकाशात शोधा. ती नेमकी कुणाच्या बेडरूमच्या भिंतीला आहे?

पाणी, सांडपाणी, पाऊस. भारतातल्या शहरी नियोजनात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरतात. ४० घरे आणि घरटी ४ माणसे धरली तर दिवसाला २१,६०० लिटर, आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते. तुमच्या गल्लीतल्या जलवाहिनीचा आणि मलवाहिनीचा व्यास किती, त्या किती जुन्या, गेल्या काही वर्षांत कधी तुंबल्या याची लेखी माहिती संबंधित विभागाकडून मागवा. पावसाचा हिशोब तर घरीच होतो: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १,००० चौरस मीटरचा प्लॉट पूर्ण फरसबंद केला आणि तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० लिटर पाणी तासाभरात कुठेतरी जायला हवे. ते कुठे जाणार, हा प्रश्न लेखी विचारा. गल्लीचा उतार तुमच्या बाजूला असेल तर हा तुमचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ठरू शकतो, आणि गंमत अशी की बैठकीत तो कुणी काढतच नाही.

झाडे. "झाड ठेवू" हे आश्वासन मुळांचे काय होणार हे विचारल्याशिवाय स्वीकारू नका. ब्रिटिश मानकानुसार खोडाचा व्यास जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर मोजतात आणि त्याच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखतात. ५० सेंटिमीटर खोडाला ६ मीटर. ते वर्तुळ नकाशावर काढा. बेसमेंटची भिंत त्यातून जात असेल तर झाड नकाशावर हिरवे राहील आणि जमिनीवर चार-पाच वर्षांत वाळेल.

तपासा: प्रत्येक आकड्यापुढे तारीख, वेळ आणि मोजणाऱ्याचे नाव आहे का?

टप्पा ५ : मुद्दे चाळणीतून काढा

आता भिंतीवर सगळ्यांचे मुद्दे लिहा आणि मग काही निर्दयपणे खोडा.

घराची किंमत कमी होईल, डोंगराचा देखावा जाईल, विकासक नफा कमावेल, हे मुद्दे अनेक देशांच्या नियोजन प्रक्रियेत ग्राह्यच धरले जात नाहीत. इंग्लंडमध्ये तर खासगी देखावा आणि घराची किंमत यांवर निर्णय देता येत नाही. "भाडेकरू येतील", "कसली माणसे येतील कोण जाणे" असले मुद्दे तर कागदावर येऊच देऊ नका. ते अन्यायाचे आहेत. शिवाय तुमचा पावसाच्या पाण्याचा रास्त मुद्दाही त्यांच्या शेजारी बसून मलिन होतो.

मग परस्परविरोधी मागण्या शोधा. जास्त पार्किंग हवे आणि खोदकाम कमी हवे. उंची कमी हवी आणि मोकळी जागा जास्त हवी. घरे परवडणारी हवीत आणि घरांची संख्या निम्मी हवी. या जोड्यांतले एकेकच मिळू शकते. बहुतेक ठिकाणी प्रत्येक जादा पार्किंग म्हणजे जास्त काँक्रीट, खोल खड्डा आणि महाग घर. वस्तीला यातले काय आधी हवे हे तुम्ही ठरवले नाही, तर ते विकासक ठरवेल.

पाठिंबा देणाऱ्यांच्या मुद्द्यांनाही हीच चाळणी लावा. "घरे वाढली की भाडी उतरतील" हे एका इमारतीबद्दल छातीठोकपणे सांगू नका. नव्या मोठ्या इमारतींच्या आसपासची भाडी थोडी सैल झाल्याचे अमेरिकी शहरांतल्या अभ्यासांत दिसले आहे, पण म्हणून या गल्लीत अमुक इतका फरक पडेल असे आश्वासन देता येत नाही. त्यापेक्षा सांगता येईल ते नेमके सांगा: किती घरे, किती आकाराची, लिफ्ट आहे का, आणि या वस्तीत म्हातारपणी दुसऱ्या मजल्यावर चढता येत नाही म्हणून कुणाला घर सोडून जावे लागले आहे का.

टप्पा ६ : वस्तीची बैठक

बैठक आत्ता बोलवा, त्याआधी नाही. भिंतीवर मोठा नकाशा आणि दोन रकान्यांचा तक्ता लावा. पहिली वीस मिनिटे फक्त प्रस्ताव समजावण्याला द्या, तेव्हा कुणी मत मांडायचे नाही. हे पाळायला अवघड आहे, पण पाळाच.

अध्यक्ष अशी व्यक्ती असावी जिचा प्लॉट प्रस्तावाला लागून नाही. प्रत्येकाला तीन मिनिटे द्या. बोलून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: "तुम्हाला नेमके काय बदललेले चालेल?" काहींचे उत्तर "काहीच नाही" असेल. तेही नोंदवा, त्यांना हिणवू नका. चाळीस वर्षे एकाच अंगणात राहिलेल्या माणसाची घालमेल खरी असते. ती ऐकून घेतली तरच तो पुढच्या आकड्यांकडे वळतो.

मग न आलेल्यांचा विचार करा. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅसेच्युसेट्स राज्यातल्या अशा सभांची इतिवृत्ते अभ्यासली. बोलायला येणारे लोक परिसरातल्या सर्वसाधारण रहिवाशांपेक्षा वयाने मोठे, जास्त करून घरमालक आणि नव्या घरांना विरोध करणारे होते. तुमच्या बैठकीतही भाडेकरू, रात्रपाळी करणारे, लहान मुलांच्या आया कमीच दिसतील, आणि त्या इमारतीत उद्या राहणारे तर अजून इथले नाहीतच. म्हणून दुसरी बैठक वेगळ्या वेळी घ्या आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्या दारात जाऊन विचारा.

इशारा: "संपूर्ण वस्तीचा विरोध आहे" असे लिहू नका. एका रहिवाशाने उभे राहून "माझा नाही" म्हटले की बाकीच्या निवेदनावरचा विश्वास जातो. "उपस्थित ६२ पैकी ४१ जणांनी" असे लिहा.

टप्पा ७ : विकासकाशी बोलणे

मुदत संपायच्या आधी एकदा भेटा. तिघे-चौघे जा, एकटे कधीच जाऊ नका. सोबत पाचपेक्षा जास्त मागण्या नेऊ नका आणि त्या महत्त्वाच्या क्रमाने लावा. नकाशा कागदावर असेपर्यंत जनरेटर हलवायला काही खर्च येत नाही, बांधल्यावर मात्र येतो. त्यामुळे लवकर मागितलेले लहान बदल बऱ्याचदा मिळतात.

खोदकाम असेल तर एक मागणी पहिल्या क्रमांकावर ठेवा: काम सुरू होण्यापूर्वी लगतच्या सर्व घरांची फोटोंसह पाहणी, आणि तिच्या अहवालाची एक प्रत घरमालकाकडे. भिंतीला तडा गेल्यावर तो आधीचाच होता की नंतरचा, या वादात माणसे वर्षानुवर्षे अडकतात. ही पाहणी झालेली असेल तर तो वाद तासाभरात मिटतो.

भेट झाल्यावर त्याच दिवशी ईमेल करा: "आज आपण अमुक तीन बाबी मान्य केल्या असे आम्ही समजतो." तोंडी आश्वासन मंजुरीच्या कागदावर अट म्हणून आले नाही तर ते नव्हतेच असे धरा. आणि कुणीही, कोणत्याही कारणासाठी, विरोध मागे घेण्याच्या बदल्यात पैसे किंवा वैयक्तिक फायदा घेऊ नये. एकाने घेतला की अख्ख्या गल्लीचा शब्द विकला जातो.

टप्पा ८ : लेखी निवेदन

एकाच मजकुराची शंभर पत्रे बहुतेक ठिकाणी एकच मुद्दा म्हणून नोंदली जातात. त्यापेक्षा दहा वेगळी पत्रे बरी, प्रत्येक आपल्या घराबद्दल आणि आपल्या मोजमापासह.

प्रत्येक मुद्द्याला चार वाक्ये पुरतात: नियमाचे कलम, नकाशावरची जागा, परिणाम आणि मागणी. उदाहरणार्थ, चुकीचे निवेदन असे असते: "या राक्षसी इमारतीमुळे आमचे जगणे अशक्य होईल, तरी परवानगी देऊ नये." तोच मुद्दा असा लिहा:

"नियमानुसार मागील सामासिक अंतर ६ मीटर हवे, प्रस्तावात ४.५ मीटर दाखवून सवलत मागितली आहे. त्या बाजूला आमच्या घराच्या तीन खिडक्या आहेत, जोडलेल्या आराखड्यावर क्र. १ ते ३. सवलतीमुळे त्यांच्यासमोर भिंत दीड मीटर जवळ येते. सवलत नाकारावी. ती द्यायचीच असेल तर पाचव्या मजल्यापासून वरचा भाग ३ मीटर मागे घेण्याची अट घालावी."

शेवटची "द्यायचीच असेल तर" ही ओळ अनेकांना शरणागतीची वाटते. ती ठेवाच. फक्त "नको" लिहिले आणि मंजुरी मिळाली, तर तुमच्या हाती काहीच उरत नाही. पाठिंब्याचे पत्रही याच साच्यात लिहा. "विकास हवा" असे मोघम लिहिण्यापेक्षा कोणती सवलत का रास्त आहे आणि तिच्यासोबत कोणती अट असावी ते लिहा.

टप्पा ९ : सुनावणी

वेळ थोडाच मिळतो, म्हणून मुद्दे वाटून घ्या. एकाने पाणी, एकीने उजेड, एकाने बांधकामाच्या काळातले प्रश्न. आधीच्या वक्त्याचे पुन्हा बोलू नका. लेखी पत्र वाचून दाखवू नका, त्यातला आकडा आणि मागणी सांगा आणि बसा. अधिकाऱ्यावर किंवा विकासकावर आरोप करू नका. गैरप्रकाराचा पुरावा असेल तर त्याची तक्रार करण्याची जागा वेगळी आहे. "हा मुद्दा इतिवृत्तात घ्यावा" असे स्पष्ट म्हणा आणि नंतर इतिवृत्ताची प्रत मागवून तो आला की नाही ते पाहा.

टप्पा १० : निर्णयानंतर

निकाल काहीही लागो, आदेशाची प्रत घ्या आणि अटींची यादी वेगळी काढा. प्रत्येक अटीपुढे लिहा: कधीपर्यंत, कोण तपासणार, आणि वस्तीतले कोण लक्ष ठेवणार. अपिलाची मुदत निकालाच्या दिवसापासून मोजतात की प्रत मिळाल्यापासून, ते त्याच दिवशी विचारा.

काम सुरू झाले की फलकावर जबाबदार व्यक्तीचे नाव आणि फोन आहे का पाहा. कामाचे तास, माल उतरवण्याची जागा, धूळ बसवण्यासाठी पाणी मारणे, रस्त्याची सफाई, यांची साधी नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, काय झाले, फोटो.

सर्वांत महत्त्वाची तपासणी जोत्याच्या, म्हणजे पायावरच्या चौथऱ्याच्या, वेळी होते. जोता बांधून झाला की त्या पातळीची अधिकृत तपासणी करण्याची लेखी मागणी करा आणि आपल्या बाजूने, कुंपणापासून भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजा. ते मंजूर नकाशाशी जुळत नसेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवून पोच घ्या. पहिला स्लॅब पडण्याआधी ते सुधारता येते.

मोजमाप जुळले तर तेही वस्तीला कळवा, आणि मोजताना हजर असलेल्या साइटवरच्या इंजिनिअरचा फोन नंबर वहीत लिहून ठेवा. पुढची दोन वर्षे तो लागणार आहे.